नहपानाच्या गालावरचा डोंगर

लक्ष्मीपूजनाच्या ताटात आमच्याकडे चांदीचे दोन रुपये असत. एक राणीछाप, दुसरा राजाछाप. आजी ते डब्यातून काढून रांगोळीने घासायची, पाटावर मांडायची आणि सगळ्यांत आधी व्हिक्टोरिया राणीच्या कपाळाला हळदकुंकू लावायची. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले आजोबा शेजारी हात जोडून उभे असत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. राणीलाही वाटत नसावं, निदान चेहऱ्यावर तसं कधी दिसलं नाही. ती लक्ष्मी होती. चेहरा कुणाचा, हा प्रश्न आजीला पडलाच नाही. चांदी खोटी निघाली असती तर मात्र घर डोक्यावर घेतलं असतं.

ही आठवण गेल्या दिवाळीच्या तोंडावर मालेगावात पुन्हा वर आली. मालेगाव कॅम्पात एक निवृत्त मास्तर राहतात. नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी आपला संग्रह दाखवला. अट योग्यच होती. घरात जुनी नाणी आहेत हे जगजाहीर करणं कुणाला परवडतं? चहा झाल्यावर त्यांनी औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी डबी उघडली आणि कापसातून चार नाणी तळहातावर घेतली. नखाएवढी, हिरवट काळी, कडा झिजलेल्या. पहिल्या नजरेत बाजारातला खुर्दाच वाटावा.

“रोमन आहेत,” मास्तर म्हणाले. “ब्राँझ.”

मी लगेच विचारलं, “इथं सापडली? गिरणेत?”

मास्तर हसले. “तुम्ही पत्रकार ना, तुम्हाला ती नदीतच सापडायला हवीत. मुंबईच्या नाणे प्रदर्शनात घेतली. बिर्याणीच्या दोन प्लेटींना जेवढे पडतात तेवढ्यात एक.”

खरं तर या लेखाचा बेतच तिथं फसला असता. मालेगावची मोसम नदी पुढे गिरणेला मिळते, गिरणा खानदेशात उतरून तापीला मिळते आणि तापीचं खोरं थेट गुजरातच्या किनाऱ्याला भिडतं. नकाशावर बोट फिरवलं की रोमन नाणं वाहत वाहत मोसम पुलाखाली येऊन थांबल्याचं चित्र आपोआप तयार होतं. पण मास्तरांच्या हातातली नाणी चौथ्या शतकातली होती. सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळात अशी नाणी अक्षरशः पोत्यांनी पाडली गेली, युरोपच्या शेतांत आजही निघतात आणि म्हणूनच स्वस्त आहेत. भारतात या उशिराच्या काळातली तांब्याची रोमन नाणी सापडतात ती मुख्यतः दक्षिणेत: करूर, मदुराई, आणि पलीकडे श्रीलंकेत. ‘दिनमलर’ या तमिळ दैनिकाचे संपादक आर. कृष्णमूर्ती यांनी करूर आणि मदुराई इथल्या अशा नाण्यांवर १९९४ साली पुस्तकच काढलं. आपल्याकडे, गोदावरीच्या अंगाला, रोमची कहाणी वेगळी आहे. तिच्यात ब्राँझचं नाणं जवळपास नाहीच. ते का नाही, हे समजून घेताना मला आजीच्या ताटातल्या राणीचा उलगडा झाला.

सोन्याचं नाणं कुठंही चालतं. काट्यावर टाकलं की त्याची किंमत कळते. ब्राँझचं तसं नाही. ऑगस्टसच्या काळात एका सुवर्णनाण्याला पंचवीस चांदीचे दिनार येत, शंभर सेस्टर्शियस आणि चारशे आस. यातलं सेस्टर्शियस हे पितळेचं, साधारण पंचवीस ग्रॅम वजनाचं जाडजूड नाणं. आस तांब्याचा. या दोघांत धातूची किंमत थोडी, बाकी सगळी भिस्त त्यावरच्या चेहऱ्यावर. हा सम्राट आहे, त्याचं सैन्य आहे, त्याचा कर तुम्हाला याच नाण्यात भरायचा आहे, म्हणून हे नाणं चालेल. साम्राज्याची हद्द संपली की आसचं पुन्हा तांबं होतं. मग ते जहाजात भरून कोण आणणार? इ.स. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक व्यापाऱ्याचा प्रवासग्रंथ भरूच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी देतो. त्यात तांबं आहे, कथील आहे, शिसं आहे, इटलीची दारू आहे, पोवळं आहे. पण नाणी म्हणून येतात ती सोन्याची आणि चांदीची, आणि स्थानिक चलनाशी बदलून त्यांत नफा होतो, हेही तो व्यापारी नोंदवून ठेवतो. तांबं आलं ते गठ्ठ्यानं, चेहऱ्याविना.

म्हणूनच रोमन सम्राटांची खरी चित्रशाळा ब्राँझवर आहे. ती परक्यांसाठी नव्हतीच, घरच्यांसाठी होती. सेस्टर्शियसचा तवा मोठा असल्याने ठसा कोरणाऱ्याला जागा मिळे. नीरोच्या एका नाण्यावर ओस्टियाचं बंदर आहे, वरून पाहिल्यासारखं, आत दाटीवाटीने उभी जहाजं. रोमच्या रहिवाशांना धान्य येतंय, काळजी नको, हा त्याचा निरोप. व्हेस्पाशियनने ज्यू लोकांचं बंड मोडल्यावर खजुराच्या झाडाखाली रडत बसलेली बाई कोरून घेतली. ती बाई म्हणजे हरलेला देश. हातातल्या मोडीवर दुसऱ्याचं रडणं घेऊन लोक बाजारात भाजी घेत होते. आणि कॅराकल्लाने २११ साली सख्खा भाऊ गेटा याला मारवलं, तेव्हा आशिया मायनरच्या काही शहरांत दोघा भावांचे चेहरे असलेल्या ब्राँझच्या नाण्यांवरून गेटाचं डोकं छिन्नीने खरवडून काढण्यात आलं. एका बाजूला कॅराकल्ला ठणठणीत, समोर नुसता ओरखडा.

हा ओरखडा लक्षात ठेवा. तो नाशिक जिल्ह्यात आपल्याला परत भेटणार आहे.

मास्तरांची नाणी मात्र त्या थाटाच्या काळातली नव्हती. चौथ्या शतकापर्यंत ब्राँझचं नाणं आटत दोन-अडीच ग्रॅमवर आलं होतं. एकावर दोन सैनिक, मध्ये निशाण, भोवती ‘ग्लोरिया एक्झर्सितुस’, म्हणजे सैन्याचा जयजयकार. चेहरे सगळे सारखेच. बाप कोणता, मुलगा कोणता, हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. कोरणाऱ्याने माणूस पाहिलेलाच नव्हता. त्याला ‘सम्राट’ कोरायचा होता.

आता नाशिककडे वळू. मालेगावहून मुंबई-आग्रा रस्त्याला लागलं की वाटेत चांदवड येतं. होळकरांच्या चांदवडात टांकसाळ होती. मराठ्यांच्या मुलखातली टांकसाळ, पण तिथल्या रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलमचं आणि टांकसाळीचा पत्ता फारसीत, ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. दिल्लीच्या बादशहाला मराठे पेन्शन देत होते, तरी रुपया त्याच्याच नावाने पाडत होते. सराफाला ओळखीचा छाप हवा असतो, राजाचा रुबाब त्याला काय करायचा? याला कुणी लाचारी म्हणेल. मला तो व्यवहार वाटतो.

नाशिक ओलांडलं की पांडवलेण्यांत थोडं थांबायला हवं. कारण मालेगाव म्हटलं की माग आलेच. यंत्रमागाला इथले कारागीर ‘साचा’ म्हणतात. रात्री गल्लीतून गेलं की साच्यांचा खडखडाट पावलांतून वर चढतो. या शहरातल्या बऱ्याच विणकरांचे पूर्वज १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळात उत्तरेतून, बनारस-आझमगडच्या पट्ट्यातून आले. पण या जिल्ह्यात विणकर त्याच्या सतराशे-अठराशे वर्षं आधीपासून आहेत आणि त्यांचा हिशेब दगडात कोरून ठेवलेला आहे. दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात लिहवून ठेवतो: भिक्षुसंघाला तीन हजार कार्षापण (चांदीची नाणी) दिले. ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींत गुंतवले. दोन हजार एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसऱ्या श्रेणीत, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणांचं वस्त्र. आकडेमोड करून बघा. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. तंतोतंत. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवून नोंदवलं, असंही तो सांगतो. मास्तर म्हणाले, “आमच्या पतपेढीचे संचालक मंडळ एकदा सहलीला न्या तिथं.”

त्याच शिलालेखात आणखी एक ओळ आहे, नाणेशास्त्राच्या माणसाला झोप येऊ न देणारी. सत्तर हजार कार्षापणांचं दान, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या भावाने दोन हजार सुवर्ण. आता हे सुवर्ण म्हणजे काय? नहपानाने सोन्याची नाणी पाडल्याचं दिसत नाही. त्यामुळे काही अभ्यासकांना यात भरूचमार्गे येणारं रोमन सुवर्णनाणं दिसतं. नाशिकच्या लेण्यात रोमन सम्राट टायबेरियसचं नाव नाही, पण त्याचा भाव बहुधा कोरलेला आहे. पेरिप्लसमध्ये भरूचच्या राजाचं नाव ‘मंबानोस’ असं आलंय, आणि तो आपला नहपानच, हे आता जवळपास सर्वमान्य आहे.

हा नहपान चांदीचं नाणं पाडत होता. दोन-सव्वादोन ग्रॅमचं, बोटाच्या पेराएवढं. एका बाजूला त्याचा चेहरा: उजवीकडे तोंड, धारदार नाक, कपाळावरून मागे बांधलेली पट्टी. भोवती ग्रीक अक्षरं, पण ग्रीक भाषा नाही. प्राकृत शब्दच ग्रीक लिपीत लिहिलेत, मोबाइलवर आपण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो तसे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींतलं नाव. एका नाण्यावर तीन लिप्या! ही घडण आली कुठून? इंडो-ग्रीक राजांकडून काही, कारण मिनँडर आणि अपोलोडोटसची जुनी नाणी भरूचच्या बाजारात तेव्हाही फिरत होती. आणि रोमन दिनारांकडूनही काही, असं मत पूर्वीपासून आहे. मला ते पटतं. बंदरात रोज जो चेहरा मोजला जातो, त्याच्या शेजारी आपला चेहरा ठेवायचा तर मांडणी तीच लागते.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथं, गोदावरी-दारणा संगमाजवळ, या नाण्यांचा दफिना निघाला. एकदोन मडक्यांचा किरकोळ साठा नव्हे. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी मोजली ती १३,२५० नाणी, सगळी चांदीची, सगळी नहपानाची. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर दुसऱ्याच कुणीतरी पुन्हा ठसा मारलेला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि ‘गौतमीपुत्र श्री सातकर्णी’ हे सातवाहन राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला चार गोळे जोडलेलं, ज्याला आपण उज्जयिनी चिन्ह म्हणतो ते. नाणी नवी नाहीत. नहपानाचीच घेतली, ऐरणीवर ठेवली आणि वरून हातोडा घातला. काही नाण्यांत डोंगर नेमका गालावर बसलाय. नाक वर तसंच, डोळा उघडा, आणि गालात सातवाहनांचा सह्याद्री रुतलेला.

शाळेत आपल्याला हे एका वाक्यात शिकवतात: सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, पुरावा जोगलटेंभी. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात आई गौतमी बलश्रीने मुलाची थोरवी कोरून घेताना क्षहरातांचा वंश निःशेष करणारा असं म्हटलंय, त्यामुळे विजयाबद्दल शंका नाही. पण नाणी जवळून पाहिली की विजयापेक्षा वेगळं काहीतरी दिसू लागतं. ठसा मारणाऱ्याला चेहरा पुसायचा असता तर नाणी वितळवणं सोपं होतं. चांदी चांदीच राहिली असती. गेटाचं डोकं खरवडणाऱ्याने हात दुखेपर्यंत खरवडलं होतं. इथं तसं नाही. घाईत, एका घावात, वाकडातिकडा ठसा. खालचा राजा अर्धा दिसतोय याची फिकीर नाही. आणि उरलेली जवळजवळ चार हजार नाणी? त्यांच्यावर ठसाच नाही. तरी ती त्याच साठ्यात, ठशाच्या नाण्यांच्या खांद्याला खांदा लावून पडलेली. म्हणजे साठवणाऱ्याला दोन्ही सारखीच होती. ठसा हा वैरापेक्षा शिक्क्यासारखा होता: हे चलन आमच्याही राज्यात चालेल, आणि पैसे आमचे. जमिनीचंही तेच झालं. आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी सातकर्णीने भिक्षूंना जे शेत दिलं, ते आधी उषवदाताच्या ताब्यातलं होतं, असं शिलालेखच सांगतो. शेत तेच, भिक्षूंचा डोंगर तोच. वरचं नाव बदललं.

पुढे सातकर्णीने आणि त्याच्या वंशजांनी चांदीत स्वतःचे चेहरेही पाडले, क्षहरातांच्या धर्तीवर. पण गंमत अशी की त्यांच्या शिशाच्या आणि तांब्याच्या रोजच्या नाण्यांवर मुख्यत्वे हत्ती, झाड, डोंगर हेच राहिलं. रोममध्ये राजाचा चेहरा हलक्या धातूला किंमत देत होता. इथं हलक्या धातूला हत्ती पुरत होता, चेहरा चांदीपुरता, परक्या बाजाराशी बोलायला. भाजीवालीशी बोलायला राजाला तोंड दाखवायची गरज नव्हती.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधनाची संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे पहिले संचालक. तिथल्या संग्रहालयात कवड्यांपासून कागदी नोटांपर्यंतचा प्रवास मांडलाय, आणि मुलांना घेऊन जायला ही त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरची उत्तम जागा आहे. पण मला त्याहून ओढ आहे ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची. पेरिप्लसमधलं ‘तगर’ ते हेच. पैठणहून गोमेद, तगरहून कापड, असा माल बैलगाड्यांतून भरूचला जाई. पैठण भरूचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, तगर आणखी दहा दिवस पूर्वेला. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतांतून, टेकाडांवरून वेचलेल्या वस्तूंचं आज शासकीय संग्रहालय आहे. तेरला, तसंच तेलंगणातल्या कोंडापूरला, रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. टायबेरियसचा चेहरा मातीत उमटवलेला, भाजलेला आणि ओवायला भोक किंवा कडी केलेली. खऱ्या नाण्याचा साच्यासारखा वापर केला असणार. सोन्याचं परवडत नाही तर मातीचं, पण गळ्यात हवं ते रोमचंच!

मालेगावकरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ज्या गावाने हँडीकॅम घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला, सुपरमॅनला मागावर काम करणाऱ्या किडकिडीत माणसाचं शरीर दिलं, त्या गावाला तेरचा कुंभार कळतो. लांबचा, महागडा, चकचकीत चेहरा आपल्या मातीत उमटवायचा आणि बिनधास्त मिरवायचा. याला नक्कल म्हणणारे म्हणोत.

आणि आपल्या पुतळ्यांच्या माळेचं काय? पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. त्यावर संत मार्क उभा आणि समोर व्हेनिसचा सत्ताधीश गुडघे टेकून. आकृत्या दिसतात म्हणून आपल्या बायांनी तिला ‘पुतळी’ म्हटलं, कडी लावली आणि गळ्यात घातली. पेशवाईतल्या किती सोवळ्या घरांत एक ख्रिस्ती संत मंगळागौरीला नटून बसला असेल याची मोजदाद नाही. पुढे सोनारांनी स्वतःच्या पुतळ्या पाडल्या आणि संताची हळूहळू लक्ष्मी झाली.

राजांनाही हे ठाऊक असावं की एकदा नाणं हातातून सुटलं की त्यावरचं चित्र लोकांचं होतं. १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया आला. राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला होता. पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर दिसला. हिंदू-मुसलमान दोघेही खवळले. सरकारने रुपया मागे घेतला आणि पुढच्या वर्षी नीट सोंडेचा हत्ती कोरून नवा काढला. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याला बाजाराने एका सोंडेवरून हटवलं. राजाच्या चेहऱ्याची ही गत तशी जुनीच. दक्षिणेत पुदुक्कोट्टईला १८९८ साली सापडलेल्या पाचशेएक रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा घाव आहे. चलनातून बाद करण्यासाठी, सोनं पारखण्यासाठी, की राजाचं तोंड नको म्हणून, यावर विद्वान भांडत आहेत. भांडू देत.

मास्तरांकडे परत येतो. चार नाण्यांतलं एक मी अजून पाहिलं नव्हतं. त्यांनी ते शेवटी ठेवलं होतं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, भोवती ‘उर्ब्स रोमा’, रोम नगरी. कॉन्स्टंटाइनने ३३० साली राजधानी कॉन्स्टँटिनोपलला नेली, तेव्हा जुन्या रोमचं समाधान करायला हे नाणं पाडलं. दुसऱ्या बाजूला लांडगीण, तिच्या पोटाखाली दूध पिणारी दोन मुलं, रोम्युलस आणि रेमस. वर दोन चांदण्या. हजार वर्षांच्या नगरीची जन्मकथा एका वाटाण्याहून थोड्या मोठ्या तांब्यावर.

मास्तरांची सहा वर्षांची नात शेजारी बसून आमचं बोलणं ऐकत होती. तिने नाणं उचललं, उलटंपालटं केलं आणि आत धावली.

“आजी, आजी, गाय बघ! दोन वासरं दूध पितायत!”

आतून काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी वसुबारस होती. गावात घर, गोठा कुठून असणार. दरवर्षी त्या कॅलेंडरवरच्या गाईची पूजा करत. नाणं त्यांनी डोळ्यांजवळ धरून निरखून पाहिलं.

“अगं, लांडगीण आहे ती,” मास्तर म्हणाले. “रोमची.”

“असू दे,” काकू म्हणाल्या. “दूध तर पाजतेय ना?” आणि नाणं मुठीत घेऊन देवघराकडे गेल्या.

मास्तर डबीत तीनच नाणी ठेवत होते. मी चौथ्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, “आता ते उद्या संध्याकाळनंतर मिळेल. कुंकू लावलं तर पुसू नको म्हणून सांगावं लागेल, नाहीतर चिंचेने घासून टाकेल. वरचा हिरवा थर गेला की संपलं.”

स्वयंपाकघरातून हाक आली, “चिंच कुठाय हो?”

मास्तर चप्पल न घालताच उठले.